ऐकू येतंय, पर कळंना

भाचीला मुलगी झाली, तेव्हा घरी सोडायच्या आधी बाळाच्या कानांची तपासणी होती. बाळ भाचीच्या मांडीवर गाढ झोपलेलं. तपासणाऱ्या मॅडमनी रबरी टोपण लावलेली एक छोटी नळी त्याच्या कानात हलकेच बसवली, हातातल्या यंत्राचं बटण दाबलं, थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, "हा कान पास. आता दुसरा." बाळ दचकलं नाही, त्याची पापणीसुद्धा हलली नाही. मग त्याला ऐकू आलं हे यंत्राला समजलं कुठून? मी विचारलंच. मॅडमना हा प्रश्न नेहमीचा असावा. "कानानंच सांगितलं की," त्या म्हणाल्या आणि पुढच्या बाळाकडे वळल्या.

त्या बोलल्या ते शब्दशः खरं होतं. नळीच्या टोकाशी एक चिमुकला स्पीकर असतो आणि त्याच्या शेजारी तितकाच चिमुकला मायक्रोफोन. स्पीकर कानात टिक् टिक् आवाज सोडतो. काही मिलिसेकंदांनी अगदी आतल्या कानातून एक क्षीण आवाज उलटा बाहेर येतो आणि मायक्रोफोन तो टिपतो. पडद्यावर आपटून परतलेला प्रतिध्वनी हा नव्हे. तो लगेच येतो, यंत्र त्याला बाजूला काढतं. हा मागून येणारा आवाज कानानं स्वतः काढलेला असतो. काहींच्या कानातून तर बाहेरून काही न सोडताही एक बारीक सूर निघत असतो आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ताही नसतो.

शाळेत आम्ही कानाची आकृती काढायचो. बाह्यकर्ण, मध्यकर्ण, आंतरकर्ण. पेन्सिलीनं छायांकन, पट्टीनं नावं. सगळे बाण एकाच दिशेचे, बाहेरून आत. उलटा बाण बाईंनी कधी काढून घेतला नाही, आणि आम्हालाही तो सुचायचं काही कारण नव्हतं.

तो सुचला टॉमस गोल्ड यांना, केंब्रिजमध्ये, १९४८ साली. खगोलशास्त्र वाचणाऱ्यांना हे नाव ओळखीचं असेल. जयंत नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल, हर्मन बाँडी आणि हे गोल्ड, या तिघांनी त्याच वर्षी स्थिर स्थिती विश्वाचा सिद्धांत मांडला होता. युद्धकाळात तिघंही रडारवर काम करत. क्षीण संदेश बळकट करायचा तर त्याचाच थोडा भाग फिरवून पुन्हा त्यात घालायचा, ही रेडिओवाल्यांची युक्ती गोल्ड यांना पाठ होती. कानाबद्दल त्यांचा प्रश्न साधा होता. आतला कान द्रवानं भरलेला आहे. द्रवात कुठलीही थरथर टिकत नाही, लगेच विरते. तरी आपण दोन जवळजवळचे सूर वेगळे ओळखतो, ते कसे? आत कोणीतरी सतत ऊर्जा घालत असलं पाहिजे. आणि तसं असेल तर कधीतरी ती ऊर्जा जास्त होऊन कानातून आवाज बाहेरही पडायला हवा. त्यांनी मायक्रोफोन लावून तो शोधलाही. तेव्हाच्या मायक्रोफोनना तो सापडला नाही. गोल्ड आपले ताऱ्यांकडे परत गेले.

त्यांचं कोणी मनावर घेतलं नाही, याला आणखी एक कारण होतं. कानाच्या बाबतीत तेव्हा गेऑर्ग फॉन बेकेशी यांचा शब्द अखेरचा. बेकेशी बुडापेस्टच्या टपाल खात्याच्या टेलिफोन प्रयोगशाळेत होते. टेलिफोन कुठवर सुधारायचा हे ठरवायचं तर पलीकडचा कान कसा ऐकतो ते कळायला हवं, या सरळ गरजेतून ते कानात शिरले. मृतदेहांतले कान घेऊन, त्यात चांदीचे कण टाकून, लुकलुकत्या प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी आवाजाची लाट आतल्या कानातल्या एका पातळ पट्टीवरून सरकताना पाहिली. १९६१ चं नोबेल त्यासाठी मिळालं, आणि ते योग्यच होतं. फक्त ते कान मेलेले होते. मेलेल्या कानात लाट पसरट, आळशी दिसते. जिवंत कानात तीच लाट एका ठरावीक जागी टोकदार उसळी घेते. हा फरक घालणारं जे काही होतं, ते माणसाबरोबर गेलेलं होतं.

१९७८ साली लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी कानातून परत येणारा तो आवाज अखेर पकडला. भाचीच्या बाळाला लावलेलं यंत्र त्यांच्याच शोधातून आलेलं.

आता आवाजाचा बाहेरचा प्रवास भरभर उरकते, कारण तो सगळ्यांचा शाळेत झालेला आहे. अडीच सेंटिमीटरच्या आसपास लांबीची कानाची नळी, तिच्या शेवटी पडदा. या नळीच्या लांबीमुळे ३००० हर्ट्झच्या आसपासचे आवाज आपोआप जास्त मोठे होऊन पडद्यावर पोचतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पडद्यामागे हातोडा, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं. रिकीब जेमतेम तीन मिलिमीटरची, शरीरातलं सर्वांत लहान हाड. ही तीन कशाला, एकच का नको, आणि मुळात हाडं हवीतच कशाला? पंचगंगेत ज्यांनी बुडी मारली आहे त्यांना याचं अर्धं उत्तर ठाऊक असतं. डोकं पाण्याखाली गेलं की घाटावरचा गलका एकदम तुटतो. हवेतला आवाज पाण्यावर आदळला की त्यातली ऊर्जा हजारात नऊशे नव्व्याण्णव भाग परत फिरते. आपल्या आतल्या कानातही पाणीच आहे. म्हणून मोठ्या पडद्यावर गोळा झालेला जोर ही हाडं एका इवल्या खिडकीवर आणून देतात. ती खिडकी पडद्याच्या सुमारे सतराव्या हिश्शाएवढी. क्षेत्र घटलं की दाब वाढतो, हाडांच्या तरफेनं आणखी थोडा वाढतो, आणि आवाज पाण्यात शिरतो.

या हाडांचा पूर्वेतिहास मला कुठल्याही कादंबरीपेक्षा रंजक वाटतो. कार्ल रायशर्ट या जर्मन शरीरशास्त्रज्ञांनी १८३७ साली गर्भांचा अभ्यास करताना दाखवून दिलं, की सस्तन प्राण्यांचा हातोडा आणि ऐरण ही सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जबड्याच्या सांध्यातली हाडं आहेत. ज्यानं पूर्वजांनी चावलं, त्यानं आपण ऐकतो. पोटातल्या बाळात हातोडा आजही खालच्या जबड्याच्या कूर्चेतूनच तयार होतो.

रिकिबीला एक स्नायू चिकटलेला असतो, सहा-एक मिलिमीटरचा. मोठा आवाज आला की तो आखडतो आणि रिकिबीला धरून ठेवतो. आपण स्वतः बोलायला लागण्याच्या किंचित आधीही तो आखडतो, म्हणजे आपल्याच आरोळीनं आपले कान बधिर होऊ नयेत. व्यवस्था चांगली आहे, पण तिला सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास वेळ लागतो. सुतळी बॉम्ब तेवढा थांबत नाही. शिवाय हा स्नायू अडवतो ते मुख्यतः खालचे, जाड आवाज. बारीक आवाजांना तो जवळजवळ मोकळी वाट देतो. सतत चाललेल्या गोंगाटात तर तोही सैलावतो.

खरी गंमत आतल्या कानात. अडीच वेढे घेतलेली, सरळ केली तर ३५ मिलिमीटर भरेल अशी एक नळी, आणि तिच्यात लांबीभर एक पातळ पट्टी ताणलेली. सुरुवातीला ही पट्टी अरुंद आणि ताठ, टोकाकडे रुंद आणि ढिली. त्यामुळे प्रत्येक सुराला पट्टीवर आपली जागा आहे. बारीक आवाज दाराशीच उसळतात, खर्जातले आत टोकापर्यंत जातात. या पट्टीवर केसाळ पेशींच्या रांगा उभ्या असतात. आतल्या बाजूला एक रांग, सुमारे ३,५०० पेशींची. बाहेरच्या बाजूला तीन रांगा, सुमारे १२,००० पेशींच्या. पट्टी हलली की पेशींच्या डोक्यावरचे सूक्ष्म तुरे कलतात, तुऱ्यांना जोडणारे धागे ताणले जातात, दारं उघडतात आणि पोटॅशियम आत घुसतं. एवढ्यावरून पेशीला कळतं की आवाज झाला. अगदी हळू आवाजात कानाचा पडदा जितका हलतो, ते अंतर हायड्रोजनच्या अणूपेक्षाही कमी भरतं. हवेच्या नेहमीच्या दाबात पाचशे कोटींत एक भागाचा फरक पडला, तरी तरुण कानाला तो पुरतो.

पण हिशेबात एक गोम होती. मेंदूकडे जाणारे सुमारे ३०,००० मज्जातंतू तपासले तर त्यातले पंच्याण्णव टक्के आतल्या त्या एकेरी रांगेतून निघतात. मग बाहेरच्या तीन रांगा, बारा हजार पेशी, करतात काय? १९८५ साली विल्यम ब्राउनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी एक सुटी पेशी घेऊन तिला विजेचा हलका झटका दिला, तर ती आखूड झाली. झटका उलटा दिला, लांब झाली. पुढे लंडनच्या जोनाथन ॲशमोर यांनी एका पेशीला रॉक अँड रोलचं गाणं विजेच्या रूपात दिलं, आणि पेशी ठेक्यावर नाचताना कॅमेऱ्यात टिपली. ती फीत पाहताना हसू येतं आणि अंगावर काटाही येतो. आपल्या डोक्यात हे आत्ता चाललेलं आहे, सेकंदाला हजारो वेळा.

झोपाळ्यावरच्या मुलाला आपण प्रत्येक झोक्याला नेमक्या वेळी बोट लावतो, झोका चढत जातो. बाहेरच्या पेशी पट्टीच्या थरथरीला तशीच बोटं लावत असतात. हळू आवाज त्या चाळीस ते साठ डेसिबलनं उचलतात, आणि उचलतात तेही नेमक्या त्याच्या जागी. शेजारचा सूर तिथे मिसळत नाही. गोल्ड म्हणत होते ती ऊर्जा ती हीच. आणि त्या धक्क्यांतला थोडा जोर मागे फिरून पडद्यातून बाहेर पडतो, तो बाळाच्या कानाचा आवाज. या पेशींकडे मेंदूकडून तंतूही येतात, उलट्या दिशेनं, किती उचलायचं आणि किती सोडायचं हे सांगायला.

म्हणजे ऐकणं हे कष्टाचं काम आहे, आणि ते करायला माणसं ठेवलेली आहेत. दोन्ही रांगांची बेरीज साडेपंधरा हजारांच्या घरात. डोळ्याच्या पडद्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींच्या वर असतात. आणि या साडेपंधरा हजारांतली एक गेली, की तिच्या जागी दुसरी येत नाही. कोंबडीच्या कानात येते, हे १९८८ मध्ये सिद्ध झालं. पक्ष्यांना ही सोय आहे, आपल्याला नाही.

इथं मला आबांकडे यावं लागतं.

माझे वडील इचलकरंजीत यंत्रमागावर होते. गावात पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी बसवला, आणि आमच्या लहानपणापर्यंत गावाची अशी गल्ली उरली नव्हती जिथून खटाक-खटाक ऐकू येत नाही. आबांचं खातं साध्या मागांचं. सुताची कांडी पोटात घेतलेला धोटा या टोकाकडून त्या टोकाला फेकला जायचा, तिथे आपटून थांबायचा, परत फेकला जायचा. एका माणसाकडे असे सहा-आठ माग, आणि एका पत्र्याच्या छपराखाली अशी किती तरी माणसं. डबा द्यायला गेले की मी दारात उभी राहून हातवारे करायची. आत सगळे ओठ वाचून आणि बोटांनीच बोलत. दोन बोटं कपाळाला म्हणजे मालक आला, मूठ तोंडाशी म्हणजे चहा. पण एवढ्या कल्लोळात आठातल्या एका मागाचा ठेका जरा जरी बिघडला, तरी पाठमोरे आबा गर्रकन वळायचे. कांडी संपली की सूत तुटलं, हे त्यांना जाण्याआधीच ठाऊक असायचं. त्या वेळी मला ती जादू वाटायची.

पाळी बारा तासांची. रात्री घरी आले की आबा ओरडून बोलायचे. आई म्हणायची, "अहो, शेजारी ऐकतील." सकाळी उठले की त्यांचा आवाज पुन्हा नेहमीचा. आम्हाला ते मागाच्या सवयीचं वाटे. खरं म्हणजे संध्याकाळी त्यांच्या बाहेरच्या पेशी थकून बसलेल्या असायच्या आणि रात्रभरात सावरायच्या. काही सावरायच्या नाहीत. वर्षानुवर्षं रोज थोड्या.

साध्या मागांच्या खात्यात आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो. आपल्याकडे कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० ची मर्यादा आहे. ९० आणि १०० मध्ये दहाचा फरक दिसतो, पण डेसिबलमध्ये दहा म्हणजे ऊर्जा दहापट. तीन डेसिबल वाढले की दुप्पट. जगभर सावधपणे मोजणारे ८५ डेसिबलला आठ तास देतात आणि पुढे दर तिनाला वेळ निम्मा करतात. त्या हिशेबानं शंभरला पंधरा मिनिटं मिळतात. गोंगाटानं येणारा बहिरेपणा कायद्यात व्यावसायिक आजार म्हणून नोंदलेला आहे. आबांना हे मी सांगितलं तेव्हा ते हसले. त्यांच्या खात्यात कापूस खुपसून काम करणाऱ्याला बाकीचे चिडवायचे. आणि आता मिरवणुकीत डीजेच्या भिंतीला चिकटून नाचणारी आमच्याच गल्लीतली पोरं पाहते, तेव्हा मला कोणाला काय सांगावं कळत नाही. आबांनी निदान पगार घेतला होता.

शेवटी आबांचेही कान तपासून घेतले. तपासणीची खोली आवाजबंद. आबांच्या कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. ते सुरू व्हायच्या आधीच दाबू लागले. "कानात रातकिडा वरडतोय," त्यांनी कबूल केलं. तो रातकिडा त्यांच्याकडे कित्येक वर्षं वस्तीला आहे. कानातल्या पेशी गेल्या की त्या जागेवरून मेंदूला काही येईनासं होतं. मग मेंदू आपलीच आवाजाची कळ वाढवत राहतो आणि वाढवता वाढवता नसलेला आवाज ऐकू लागतो. मॅडमनी मग तुटक तुटक सूर लावले, म्हणजे त्यांना आपला रातकिडा वेगळा काढता यावा.

निघालेल्या आलेखावर उजव्या कानाची लाल वर्तुळं, डाव्याच्या निळ्या फुल्या. डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक; रेघ जितकी खाली तितकं ऐकणं वाईट. आबांची रेघ १००० हर्ट्झपर्यंत चांगली सरळ होती. २००० पासून घसरली आणि ४००० वर खड्ड्यात पडली. गोंगाटात काम केलेल्यांचा खड्डा इथेच असतो, मग तो गोंगाट मागाचा असो की बॉयलरवरच्या घणांचा. कारण मघाच्या त्या ३००० मध्ये आहे. कानाची नळीच त्या पट्ट्यातला आवाज वाढवून आत सोडते, आणि जोराच्या आवाजाचा तडाखा पट्टीवर त्याच्या जागेपेक्षा अर्ध्या सप्तकानं वर बसतो. अर्धं सप्तक चढलं की ३००० चे सव्वाचार हजारांच्या घरात होतात.

आलेख पाहिला आणि आमच्या घरातली निम्मी भांडणं मला नव्यानं समजली.

"तुमच्या आबांना पाहिजे तेवढंच ऐकू येतं," हे आईचं जुनं वाक्य. काकांचं बोलणं कळतं, सुनेचं कळत नाही. टीव्हीवरचं कीर्तन कळतं, नातवाचं कळत नाही. पण काकांचा आवाज जाड, तो आलेखाच्या चांगल्या बाजूला पडतो. सून आणि नातू खड्ड्याच्या बाजूला. त्यातही स्वर आणि मात्रा खालच्या पट्टीत असतात आणि त्यांच्यात जोर असतो. स, श, च, थ, फ ही सगळी वरच्या पट्टीतली, नुसत्या हवेची, दुबळी अक्षरं. आवाज येतो, बोलणाऱ्याचा सूर, राग, लय सगळं येतं, पण अक्षरांच्या कडा येत नाहीत. आबा स्वतः हे किती तरी वर्षं सांगत होते. "ऐकू येतंय गं, पर कळंना." इतकं अचूक निदान घरातच होतं, आणि आम्ही त्यावर फक्त आणखी मोठ्यानं ओरडत होतो.

ओरडण्याचंही तेच. "मोठ्यानं बोल" म्हणायचे, आणि मोठ्यानं बोललं की "वरडतीस कशाला?" आम्हाला हा हेकटपणा वाटे. पण बाहेरच्या पेशी उचलतात ते हळू आवाजांना. मोठ्या आवाजांना त्यांची मदत लागतच नाही, ते तसेच पूर्ण जोरानं पोचतात. त्या पेशी गेल्या की हळू आवाज नाहीसा होतो आणि मोठा होता तेवढाच मोठा राहतो. मधली जागाच उरत नाही.

एकदा सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "साखर संपली." आबा ओट्यावरच्या डब्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मग पीठ हाय की." त्यांनी "भाकर संपली" ऐकलं होतं. सगळे हसले, तेही हसले. पण यात आबांच्या मेंदूनं काही चुकीचं केलं नव्हतं. १९७० साली रिचर्ड वॉरन यांनी ध्वनिमुद्रित वाक्यातला एक आवाज कापून त्या जागी खोकला घातला होता. ऐकणाऱ्यांना शब्द पूर्ण ऐकू आला. गाळलेलं अक्षर नव्हतंच, हे त्यांना पटेना. आपण सगळेच दिवसभर अशी गाळलेली अक्षरं भरत असतो. आबांना जास्त भरावी लागतात, एवढंच.

ही भर घालण्याची क्रिया मला पहिल्यांदा भेटली ती मिरजेत. मी गाणं शिकत होते, तेव्हा आबा मला जुना तानपुरा घेऊन द्यायला तिथे घेऊन गेले. मिरजेचे तंतुवाद्य कारागीर मूळचे शिकलगार, हत्यारं घडवणारे; एकोणिसाव्या शतकात ते वाद्यांकडे वळले. भोपळे पंढरपूरच्या भागातून येतात. कारागिरानं घोडीवर तारेखाली सुताचा एक धागा सरकवला आणि तो मागेपुढे करत राहिला. एका जागी तार एकदम उजळली, भणभणायला लागली. जवारी, म्हणजे तारेची ती गुंजणारी झणक, लागली. आबांचं लक्ष त्या धाग्यावर. वाकून बघत म्हणाले, "विसाचं सूत हाय न्हवं?" कारागीर खूश. मग दोघं सुतावरच बोलत बसले. मी बाजूला तार छेडत होते, आणि नसलेला गंधार मला ऐकू यायला लागला.

चार तारांत गंधाराची तार नसते. पंचम, षड्जाच्या दोन जोड तारा, आणि खर्ज, म्हणजे खालचा षड्ज. पण खर्जाच्या तारेच्या पाचपट कंपनांचा जो स्वर तिच्यातच दडलेला असतो, तो गंधार. जवारीमुळे तो वर येतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली यावर लिहिलं. तार जिथे छेडावी तिथे ज्या स्वरांसाठी ती स्थिर राहते ते स्वर निघू नयेत असा युरोपातला नियम होता, आणि तानपुरा तो बिनदिक्कत मोडत होता, कारण त्याची तार रुंद घोडीला सतत घासत असते.

गंधार निदान हवेत असतो तरी. त्याहून चमत्कारिक गोष्ट हल्ली प्रत्येकाच्या खिशात आहे. मोबाइलवरचा तानपुरा लावा, काळी एकच्या सुरात. खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९ कंपनांची. मोबाइलच्या इवल्या स्पीकरला तो आवाज काढताच येत नाही. तो फक्त वरचे स्वर सोडतो, दुप्पट, तिप्पट, चौपट असे. तरी तुम्हाला खर्जच ऐकू येतो. वरचे सगळे ज्या एका मुळाच्या पटीत आहेत ते मूळ मेंदू हिशेबानं शोधून काढतो आणि ऐकवतो. ज्याला आपण ऐकणं म्हणतो, त्यातलं किती बाहेर होतं आणि किती आपण घातलं, याची वाटणी मला अजून नीट करता आलेली नाही.

आबांना आता ऐकण्याची दोन यंत्रं मिळाली आहेत. दोन का, असा त्यांचा प्रश्न होता. एका कानाची किंमत वाचली असती. पण आवाज कुठून आला हे ओळखायला दोन्ही लागतात. डावीकडचा आवाज उजव्या कानात पोचायला फार तर सेकंदाचा दीड हजारावा भाग जास्त लागतो, आणि मेंदू त्याहून कितीतरी बारीक, लाखाव्या भागापर्यंतचा फरक ओळखतो. पंगतीत शेजारच्याचं बोलणं बाकीच्यांपासून सोडवून घ्यायलाही हेच कामी येतं.

यंत्र हळू आवाज जास्त उचलतं, मोठा कमी. पेशींचं अर्धं काम ते करतं. उरलेलं अर्धं, प्रत्येक सूर आपल्या जागी टोकदार ठेवणं, ते त्याच्यानं होत नाही. म्हणून लग्नाच्या हॉलमध्ये आबा ती काढून खिशात ठेवतात, आणि मी त्यांना आता टोकत नाही. पहिल्या दिवशी त्यांची तक्रार वेगळीच होती. पेपर सळसळतो. चप्पल घासते. भांडी आपटतात. कित्येक वर्षांत न ऐकलेले आवाज एकदम घरात आले होते आणि मेंदू त्यातलं काय टाकून द्यायचं ते विसरला होता. मॅडम म्हणाल्या, काही आठवडे जातील. रोज समोर बसून, चेहरा दिसेल असं, ओरडू नका पण सावकाश, काहीतरी वाचून दाखवा.

म्हणून संध्याकाळी मी त्यांना पेपर वाचून दाखवते. अग्रलेखात त्यांना रस नाही, कुठलं अक्षर निसटलं तरी विचारत नाहीत. निधनवार्ता मात्र नावं जुळेपर्यंत पुन्हा वाचायला लावतात. आणि सुताच्या दरांची बातमी असली की यंत्राचा आवाज वाढवून खुर्ची पुढे ओढतात.

"साठ का आठ?" विचारतात.

"साठ, आबा. रुपये साठ."

"मग तसं नीट बोल की. व्यापार हाय त्यो."